पाण्याकडे जाणारी वाट

२०१३च्या माघात माझे वडील गेले. आमची वस्ती इनामगावच्या शिवारात, गावठाणापासून दोनेक किलोमीटरवर, घोड नदीच्या उजव्या काठाला. दहावा वस्तीखालच्या पाणवठ्यावरच करायचा, असे अण्णांनी आधीच सांगून ठेवले होते. त्या दिवशी आम्ही पन्नासेक माणसे निघालो आणि निम्म्यात थांबलो. पाणवठ्याकडे उतरणारी जुनी वाट उसात गेली होती. कधी गेली, ते नेमके कुणाला आठवेना. दरवर्षी नांगराचे एक तास इकडून, एक तास तिकडून, असे होत होत ती बुजली होती. शेवटी शेतमालकाला विचारून, उसाच्या सरीतून एकामागे एक, वाकून आम्ही नदीवर पोचलो. आत्याला गुडघ्यांमुळे तसे चालवेना. तिला दोघांनी उचलून आणले.

पिंडाला कावळा शिवेना. अर्धा तास गेला. अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा मोठ्याने बोलून दाखवतात आणि ती पुरी करू असा शब्द देतात. धाकट्या भावाचे कर्ज, बहिणीचे माहेरपण, सगळे बोलून झाले. मग आत्या म्हणाली, "दादा, नदीची वाट मोकळी करून देतील पोरं." कावळा आला. भाताच्या वासाने आला की त्या वाक्याने, यावर मी मत देणार नाही. पण पन्नास माणसांसमोर शब्द दिला गेला होता आणि थोरला मुलगा म्हणून तो माझ्यावर होता.

माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. न्हावऱ्याच्या रस्त्याला माझे मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे. नदीकाठच्या विहिरींवरच्या आणि पात्रात टाकलेल्या मोटारी जळाल्या की माझ्याकडे येतात, त्यामुळे काठावरच्या सगळ्या पाइपलाइनी मला माहीत होत्या. वाटांचा मात्र कधी विचार केला नव्हता. त्या शब्दापायी नकाशे वाचायला शिकलो, मग कायदे, मग शहरांच्या काठांचा इतिहास. या बारा वर्षांत जे हाती लागले, ते इथे मांडतो.

पाव साखळीची वाट

एका निवृत्त भूमापकांनी मला गावनकाशा वाचायला शिकवला. जुन्या गावनकाशावर वाटांच्या जाती रेघांवरून ओळखायच्या असतात. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता सलग रेघांनी दाखवतात. गाडीमार्ग तुटक दुहेरी रेघेने. त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग तुटक एकेरी रेघेने. त्याची रुंदी सव्वाआठ फूट. हे अपूर्णांक कुठून आले, याचे उत्तर गुंठ्यात आहे. मोजणीची साखळी ३३ फुटांची. साखळी गुणिले साखळी म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. साडेसोळा फूट ही अर्धी साखळी आणि सव्वाआठ फूट ही पाव साखळी.

गाडीमार्ग आणि पायमार्ग यांची जमीन त्या त्या शेताच्या पोटखराब्यात धरलेली असते. सातबाऱ्यावर ती वेगळी दिसत नाही. त्यामुळे नांगरणाऱ्याला ती आपलीच वाटते, आणि त्यात दरवेळी लबाडी असतेच असे नाही. आमच्या वस्तीच्या नकाशावर एक तुटक एकेरी रेघ उसाच्या त्या तुकड्यातून सरळ नदीपर्यंत गेलेली होती. ज्या वाटेसाठी आम्ही परवानगी मागितली, ती पाव साखळी रुंदीची आणि सर्वांची होती.

त्याच नकाशावर मला एक फरक पहिल्यांदा दिसला. पाण्याजवळच्या वाटा दोन प्रकारच्या असतात. एक काठाकाठाने जाते. दुसरी वस्तीतून निघून काठाला आडवी येते आणि पाण्यात उतरते. पहिलीला मी काठाची वाट म्हणतो, दुसरीला उताराची वाट. आमच्या भाषेत उताराच्या वाटेसाठी शब्दांची चंगळ आहे: पाणवठा, उतार, घाट, धक्का. 'नदीला उतार मिळाला' म्हणजे पायी पार जाण्याजोगी जागा सापडली. घाट हा शब्द तर डोंगराच्या वाटेलाही आहे आणि नदीच्या पायऱ्यांनाही, कारण दोन्हीकडे माणूस खाली उतरतो. काठाच्या वाटेसाठी मात्र असा खास जुना शब्द मला आठवत नाही. आपल्या लोकांना नदीला समांतर चालण्याची गरज फारशी पडत नसावी. पाणी भरायला, गुरे पाजायला, धुणे धुवायला, पलीकडे जायला आणि शेवटी राख सोडायला, उतरावेच लागे.

आजच्या शहरांत काठ 'विकसित' होतो, तो बहुतेक वेळा काठाच्या वाटेने. उताराच्या वाटा त्याच कामात तुटतात. माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे, आणि ते तपासण्यासाठी इनामगावच्या टेकाडापासून सुरुवात करतो.

तीन हजार वर्षांपूर्वीचा काठ

इनामगावचे नाव शाळेच्या पुस्तकात आहे ते इथल्या पांढरीमुळे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे बारा हंगाम उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. वडील दोन हंगाम तिथे मजुरीला होते. लहानपणी त्यांच्या डब्याबरोबर मीही खड्ड्यांच्या कडेला बसलेलो आहे.

इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात घोडच्या काठावर शेतकऱ्यांची वस्ती होती. आधी माळवा संस्कृती, नंतर जोर्वे. मुख्य पीक जवाचे. मातीच्या भिंतींची चौकोनी घरे, मध्ये वाटा. कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरे वस्तीच्या कडेला, तर सुखवस्तू शेतकऱ्यांची मधोमध. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराजवळ धान्याचे कोठार सापडले आणि त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष. इथल्या एका रंगवलेल्या भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव काढलेली आहे. नदी त्यांच्या कामाच्या जगातही होती आणि मरणाच्या कल्पनेतही असावी.

या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो पूर्व जोर्वे काळातला पाट आणि त्याच्या बाजूचा दगडमातीचा बांध. पुराचे पाणी वळवून शेताकडे नेण्यासाठी तो असावा, असा उत्खननकर्त्यांचा अर्थ. एवढे काम एकट्यादुकट्या कुटुंबाचे नव्हे. ते करवून घेणारा कुणी मुखिया असला पाहिजे, आणि कोठाराशेजारचे ते मोठे घर त्याचेच असावे, असे ढवळीकरांनी मांडले. म्हणजे काठावर काय बांधायचे आणि पाणी कुणाकडे वळवायचे, हा सत्तेचा प्रश्न आमच्या गावात तीन हजार वर्षांपूर्वीच पडलेला होता. पुढे इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास वस्ती उठली.

आजची घोड वेगळी आहे. वर डिंभे आणि चिंचणीची धरणे, खाली कोल्हापुरी बंधारे, काठापर्यंत ऊस. बंधाऱ्यांच्या माथ्यावरून मोटारसायकली पलीकडच्या श्रीगोंदा तालुक्यात जातात. पाणी पूर्वीपेक्षा जास्त दिवस टिकते, पण त्याच्यापाशी जायला वाट कमी आहे. पाइपलाइन असणाऱ्याला वाटेची गरज उरली नाही. गरज उरली मेंढपाळाला, मासे धरणाऱ्याला, आणि दहाव्याला आलेल्या माणसांना.

मुठेच्या काठी

इनामगावाहून पुण्याकडे बघण्याचे एक साधे कारण आहे. मुळा-मुठा शिरूर तालुक्याच्या हद्दीवर रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. पुढे खाली आमची घोडही भीमेलाच मिळते आणि सगळे पाणी उजनीत साठते. पुणे आपल्या नदीशी कसे वागते, ते आम्हाला वासावरून कळते.

पेशवाईतल्या पुण्याचा मुठाकाठ उताराच्या वाटांचा होता. पेठांतल्या गल्ल्या ओंकारेश्वरासारख्या देवळांच्या अंगाने नदीकडे उतरत. १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुराने काठावरचे वाडे वाहून नेले आणि नदी ही भीतीची जागा झाली. वर धरणे असल्याने एरवी पात्र कोरडे, आणि कोरडी जमीन शहराला मोकळी दिसते. त्या पात्रातून रस्ता निघाला. खडकवासल्यातून पाणी सोडले की तो रस्ता आणि बाबा भिडे पूल पाण्याखाली जातात. पात्रात लावलेल्या गाड्या काढा, अशी सूचना दर पावसाळ्यात निघते. वाहनांना त्या रस्त्याचा उपयोग आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पेठेतून नदीवर जाणाऱ्या आजीच्या आणि पाण्याच्या मध्ये आता वाहनांची रांग आहे.

मार्च २०२२मध्ये मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या सुमारे ४४ किलोमीटर काठाच्या सुधारणेचे भूमिपूजन झाले. पूररेषा, जुनी झाडे आणि काठावरची जीवसृष्टी यांबद्दल अनेक नागरिकांनी घेतलेले आक्षेप गंभीर आहेत. मला त्यांत एका प्रश्नाची भर घालायची आहे. सलग पायवाट आणि सायकलवाट या आराखड्यात आहे. पण तिला येऊन मिळणाऱ्या गल्ल्या किती? ४४ किलोमीटरचा सुंदर काठ अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतरावरच्या फाटकांतूनच उघडत असेल, तर तो मोटारीने येऊन फिरणाऱ्यांचा होईल. उलट, संभाजी उद्यान आणि डेक्कन ही मेट्रोची स्थानके २०२३पासून मुठेच्या काठावरच उभी आहेत. स्थानकातून उतरलेला माणूस चार मिनिटांत पाण्यापाशी पोचेल अशी वाट केली, तर वनाझपासून रामवाडीपर्यंतच्या माणसांना नदी मिळेल. त्याला मोठा खर्च नाही. उताराच्या वाटेची आठवण मात्र हवी.

वाटेचा आणि पाण्याच्या स्वच्छतेचा संबंध आहे, असे माझे निरीक्षण आहे. पुण्याच्या मैलापाण्यासाठी जपानच्या 'जायका' संस्थेच्या अर्थसाहाय्यातून ११ शुद्धीकरण केंद्रांचे काम हाती घेतले गेले. अशी कामे वेळेत व्हायची तर रोज नदी बघणारी आणि तक्रार करणारी माणसे लागतात. आमच्याकडेही ज्या पाणवठ्यावर लोक जातात, तिथे मेलेले जनावर टाकायला माणूस कचरतो. वाट बुजली की तीच जागा उकिरडा होते, किंवा रात्री वाळू उपसणाऱ्यांची.

शिवडीच्या बहिणीचा समुद्र

माझी थोरली बहीण लग्नानंतर शिवडीला गेली. मेहुणे गिरणीत होते. गावाहून कुणी गेले की समुद्र दाखवायची तिची पद्धत ठरलेली: बस धरून गिरगाव चौपाटी. शिवडी समुद्रकाठीच आहे, हे मला पस्तिशीनंतर नकाशात कळले. तिच्या घरापासून खाडीचे पाणी चालत पाऊण तासही नव्हते. मधे गोदामे, रेल्वेचे रूळ, ट्रकचे रस्ते आणि लांबलचक भिंती.

त्या भिंतींना इतिहास आहे. मुंबईचा पूर्वकिनारा एकोणिसाव्या शतकात धक्क्यांचा होता. भाऊ अजिंक्यांच्या नावाचा भाऊचा धक्का त्याच काळातला. १८७३मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८०मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, तयार झाले. मुंबईची श्रीमंती या गोद्यांनी घडवली. पण कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतचा सुमारे २८ किलोमीटरचा काठ बंदराच्या कुंपणाआड गेला. बंदराचे बरेच काम पुढे न्हावा-शेव्याला हलले, तरी कुंपणे राहिली. ही जमीन शहराला कशी खुली करता येईल, यासाठी २०१४मध्ये राणी जाधव समिती नेमली गेली. मार्च २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली. मोरा आणि रेवसच्या लाँचीही तिथूनच सुटतात. जलवाहतूक वाढवण्याच्या सभा होतात तेव्हा बोटींचा वेग चर्चेत असतो. मला वाटते, आधी धक्क्यापर्यंतचा शेवटचा एक किलोमीटर बघावा. रे रोड किंवा डॉकयार्ड रोडच्या स्थानकावर उतरून ट्रकच्या गर्दीतून बोजा घेऊन धक्क्यावर चालत जाणाऱ्या बाईला विचारले, तर तिची तक्रार बोटीविषयी नसेल.

पश्चिमेला दोन नमुने शेजारी शेजारी आहेत. १९४०मध्ये पूर्ण झालेला मरीन ड्राइव्हही भरावावरचाच, आणि त्याच्या मागच्या बॅकबे योजनेतल्या उधळपट्टीवर के. एफ. नरीमन यांनी १९२०च्या दशकात मोठे रान उठवले होते. तरीही लोकांनी तो आपला केला. का, हे तिथे उभे राहिले की दिसते. मागच्या इमारतींमधून आडवे रस्ते सरळ समुद्राकडे येतात. चर्चगेटची लोकल दहा मिनिटांवर. गाड्यांना सिग्नल आहे. कठडा बसण्याएवढा ठेंगणा आहे. तिकीट नाही. म्हणजे काठाच्या वाटेला उताराच्या वाटा जागोजागी जोडलेल्या आहेत.

मार्च २०२४पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला सागरी किनारा मार्ग १०.५८ किलोमीटरचा, आठ पदरी. दुचाकी आणि तीनचाकी गाड्यांना तिथे बंदी आहे. त्याच्या समुद्राकडच्या अंगाला पादचाऱ्यांसाठी रुंद वाट केली आहे आणि ऑगस्ट २०२५मध्ये तिचा मोठा भाग लोकांना खुला झाला. ती चांगली आहे, मी चालून आलो. पण शहर आणि ती वाट यांच्या मध्ये न थांबणारा रस्ता आहे, त्यामुळे तिथे पोचायला रस्त्याखालच्या भुयारी वाटांतून जावे लागते. भुयार सापडले तर समुद्र सापडतो. पुढच्या पन्नास वर्षांत ही वाट कुणाची होईल, हे त्या भुयारांतला उजेड, उतरण, पाट्या आणि तोंडाशी थांबणारी बस यांवर ठरेल.

याच मार्गाने उताराच्या वाटेचा एक धडाही दिला. वरळी कोळीवाड्याच्या बोटी समुद्रात जातात त्या तोंडावर पुलाचे खांब ६० मीटर अंतरावर यायचे होते. वादळी वाऱ्यात एवढ्या फटीतून बोट काढता येत नाही, हे कोळी सांगत राहिले. लढा लांबला. २०२२च्या अखेरीला एक खांब गाळून अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. पाण्यावरची वाट ही सुद्धा वाटच आहे आणि ती नकाशावर तुटक रेघेनेही दाखवलेली नसते. ती ओळखणारी माणसे आधी विचारली असती, तर इतकी वर्षे गेली नसती.

केलेली चूक उलटवता येते, याचेही उदाहरण जगात आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराने बंदराच्या काठाने एम्बार्काडेरो नावाचा उंच द्रुतगती मार्ग बांधला होता. १९८९च्या भूकंपात त्याला तडे गेले. दुरुस्तीऐवजी शहराने १९९१मध्ये तो पाडायला घेतला. त्या जागी झाडांचा सपाट रस्ता आणि ट्राम आली, आणि जुने फेरीचे बंदर पुन्हा शहराच्या चालण्यात आले. आपण भूकंपाची वाट बघण्याचे कारण नाही.

कोणता काठ सार्वजनिक?

काठाचा कुठलाही आराखडा समोर आला की मी आता चार गोष्टी विचारतो. उताराच्या दोन वाटांमध्ये चालत किती मिनिटांचे अंतर आहे? बस किंवा रेल्वेतून उतरलेला माणूस मोठा रस्ता न ओलांडता पाण्यापाशी पोचतो का? गुडघे गेलेल्या बाईला आणि चाकाच्या खुर्चीला उतरता येते का? आणि ज्यांचे काम त्या काठावर होते, त्या कोळ्यांना, परटांना, मेंढपाळांना, नावाड्यांना नव्या काठावर जागा आहे का? उजेड, बाके, फरसबंदी हे सगळे त्यानंतर.

कायद्याचा आधार अगदीच नाही असे नाही. समुद्रकिनारा आणि वाहते पाणी सर्वांचे, हे रोमन कायद्यात सहाव्या शतकातच लिहिले गेले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६च्या कमलनाथ प्रकरणात तेच तत्त्व स्वीकारले: नदी, किनारा अशी साधने सरकारकडे विश्वस्त म्हणून असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आणि १९०६चा मामलतदार कोर्ट कायदा यांच्या आधारे तहसीलदाराकडे वाटेसाठी दाद मागता येते. पण त्यांचा रोख मुख्यतः शेतकऱ्याला शेतात पोचवण्यावर आहे. नदीवर पोचण्यासाठी गावनकाशावरची ती तुटक रेघच मोठा पुरावा ठरते. म्हणून प्रत्येक नदीकाठच्या गावाने आणि शहराच्या वॉर्डाने आपल्या उताराच्या वाटांची यादी जुन्या नकाशांवरून करावी. एक उन्हाळ्याची सुट्टी आणि कॉलेजातली चार पोरे पुरतात.

आमच्या वाटेचे काय झाले, ते सांगून थांबतो. मी नकाशाची प्रत घेऊन शेजाऱ्याकडे गेलो. तो पहिल्या दिवशी चिडला. दुसऱ्या खेपेला त्याने रेघेवर बोट ठेवून बराच वेळ पाहिले. त्याच्या आईचा दहावाही त्याच पाणवठ्यावर झाला होता. तीन वर्षे गेली, मोजणी झाली, बोलाचाली झाली, एक हंगाम अबोलाही झाला. २०१७च्या उन्हाळ्यात ऊस तुटून गेल्यावर त्याने स्वतः दोन सऱ्या सोडल्या. खाली उतरताना घसरू नये म्हणून आम्ही सात दगडी पायऱ्या बसवल्या. पाडव्याला आत्या आली आणि भाच्याचा हात धरून स्वतःच्या पायाने पाण्यापर्यंत गेली.

वाट चार फुटांची आहे. नकाशाप्रमाणे सव्वाचार फूट अजून बाकी आहेत.